तीन बरण्यांचा समुद्र

१

“मेले, मावशी. सगळेच्या सगळे मेले.”

भर दुपारी दोनच्या उन्हात शैला कस्तुरे दारात उभी राहून हे म्हणाली, आणि मनकर्णाबाईंच्या हातातलं शेवयांचं ताट पडता पडता वाचलं. पोरीचे आईवडील परभणीला, भाऊ-भावजय तिथंच. बाईंच्या डोळ्यांपुढं अख्खी एसटी दरीत कोसळली.

“कोन गं? कोन मेलं?”

“माझे जिवाणू.”

“अगं भवाने! माझा जीव गेला असता की आत्ता! जिवाणू मेले म्हनं. बस खाली, पानी पी, अन् मग नीट सांग.”

मनकर्णाबाई मूळच्या गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या. सरकारी माती तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून रिटायर झालेल्या. हर्सूलला स्वतःचं घर, त्यातली वरची खोली शैलाला भाड्यानं. जीभ अशी तिखट, की ऑफिसातले साहेबसुद्धा वळसा घालून जायचे. पण त्याच जिभेवर चिमूटभर माती ठेवून रानात काय पिकेल ते त्या सांगायच्या, आणि मशीनचा आकडा मागाहून येऊन त्यांना दुजोरा द्यायचा.

शैलाचं काम त्यांना दोन वर्षं ऐकून पाठ झालं होतं. कोकणातल्या एका बंदरात जहाजाचं तेल सांडलं. वरचं तेल वाहून गेलं, पण उरलेलं समुद्राच्या तळच्या गाळात जाऊन बसलं. तिथं ना मासा जगतो ना खेकडा. त्याच गाळात शैलाला असे जिवाणू सापडले, की ज्यांचं जेवणच तेल! ते वेगळे काढायचे, वाढवायचे, पुन्हा गाळात सोडायचे, आणि त्यांनी खाऊन खाऊन गाळ साफ करायचा. आता ही पोरगी समुद्र सोडून खाम नदीकाठच्या संशोधन संस्थेत बसलेली. दुधाच्या कॅनमधून, एसटीच्या टपावरून तिनं समुद्राचा गाळ औरंगाबादेत आणला, तेव्हा लोक हसून हसून बेजार झाले. हसू देत. लहान बाटल्यांत तिनं तीनदा करून दाखवलं होतं.

मग बंदरवाल्यांनी समिती नेमली आणि मोठी परीक्षा ठरली. काचेच्या तीन मोठ्या बरण्या. तिन्हींत तेलकट गाळ आणि समुद्राचं पाणी. पहिलीत तेवढंच. दुसरीत जिवाणू. तिसरीत जिवाणू आणि त्यांना बळ यावं म्हणून चिमूट चिमूट खत. तोंडाला मलमलीचं कापड, कारण या जिवाणूंना हवा लागते. आणि कापडाच्या गाठीवर समितीची लाख. खोलीला कुलूप. शैलानं साठ दिवस त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही.

आज सोमवारी साठ दिवस भरले आणि बरण्या उघडल्या.

“लाख जशीच्या तशी, मावशी. कुलूप जसंच्या तसं. आणि तिन्ही बरण्यांत तेल जिथल्या तिथं! सूक्ष्मदर्शकाखाली एक जीव हलत नव्हता. बंदराचे साहेब म्हणाले, बाई, तुमच्या त्या छोट्या बाटल्या खऱ्या होत्या ना?”

तिनं पर्समधून टाईप केलेला कागद काढला. ‘माझे पूर्वीचे निष्कर्ष खोटे होते, ते मी मागे घेत आहे.’ खाली सहीची जागा मोकळी. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत सही. केली, तर पदवी गेली, नोकरी गेली, आणि ‘खोटारडी’ हे नाव जन्मभर चिकटलं. नाही केली, तर फसवणुकीची चौकशी.

“अन् तू काय करनार?”

शैलानं डोळे पुसले. “सही करणार नाही. मेले तरी नाही.”

मनकर्णाबाई उठल्या. “मग रडतीस कामून? शेवया गोळा कर. उद्या मला त्या बरन्या बघायच्यात.”

२

संस्थेचे सचिव दत्तोपंत हे सुपारी कातरत बोलणारे गृहस्थ. कोणतंही प्रकरण त्यांच्याकडं आलं, की ते आधी ‘मिटवून टाकू’ म्हणत आणि मग प्रकरण काय ते विचारत.

“अहो बाई, किल्ली माझ्या कंबरेला. सकाळी साडेदहाला सांडू शिपाई न्यायचा, अकराला परत आणून द्यायचा. साठ दिवसांत एक दिवस खाडा नाही.”

“आत जाऊन काय करायचा त्यो?”

“पाणी घालायचा. भर उन्हाळा, त्यात जिवाणूंना वारा लागतो म्हणून पंखा अखंड चालू. रोज बरणीमागं पावशेर पाणी उडून जायचं. काचेवर खूण होती, तिथपर्यंत झारीनं कापडावरूनच भरायचं.”

“म्हंजी लाख न तोडता आत काहीतरी जात व्हतं की रोज.”

दत्तोपंतांचा अडकित्ता थांबला. “पाणी जात होतं, बाई. पाणी! मी स्वतः दोनदा दारात उभं राहून पाहिलंय. उगाच डोक्यात काही घेऊ नका. पोरीनं सही केली तर मी साहेबांना सांगून प्रकरण सौम्य करतो.”

विभागप्रमुख डॉ. व्यंकटराव यांच्या खोलीत कूलरचा गारवा होता आणि बोलण्यातही. त्यांचा स्वतःचा उपाय वेगळा. त्यांनी साबणासारखं एक रसायन तयार केलं होतं. ते गाळावर फवारलं की तेल सुटून पाण्यात विरतं म्हणे. त्याचीही परीक्षा त्याच खोलीत, काचेच्या एका टाकीत, त्याच गाळावर चालली होती. शैला हरली, तर बंदराचं काम कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको.

“मुलगी हुशार आहे,” ते हळहळून म्हणाले. “पण जिवंत गोष्टींवर भरवसा टाकला तिनं. जिवाणूंचं काय, आज आहेत, उद्या नाहीत. मी तिला बजावलं होतं.”

“तुमी जात व्हता का त्या खोलीत?”

“माझी टाकी आहे तिथं. पण सांडूच्या समोर, आणि बरण्यांना हात लावला नाही. विचारा त्याला.”

सांडू पन्नाशीचा, देवगाव रंगारीचा. अठरा वर्षं संस्थेत रोजंदारीवर. त्यानं खोली उघडून दिली आणि दारातच उभा राहिला, आत येईना.

“सांडूभाऊ, तुमी रोज पानी घातलं?”

“व्हय.”

“साधंच ना?”

“जे घालायचं तेच घातलं, बाई. एक दिस चुकलो नाय. माझी सासू वारली तवा बी सकाळी पानी घालून मग गेलो.” हे त्यानं अशा अभिमानानं सांगितलं, की बाईंना त्याच्याबद्दल माया वाटली.

शैला मागं उभी राहून सांगत होती, “मावशी, मी काल रात्रीपर्यंत सगळं तपासलं. फिनाईल नाही, ब्लीचिंग पावडर नाही, मोरचूद नाही. मारायला जे जे वापरता येईल त्यातलं काहीच पाण्यात नाही.”

मनकर्णाबाईंनी पहिल्या बरणीचं सोडलेलं कापड उचललं. ते पापडासारखं कडक झालेलं. कडेनं पांढरी झिलई. दुसरीचं तसंच, तिसरीचं तसंच. त्यांनी नखानं थोडं खरवडलं आणि सवयीप्रमाणं जिभेवर ठेवलं.

“मावशी! काय करताय?”

“खारट हाय.”

“असणारच! समुद्राचं पाणी आहे ते.”

“व्हय गं. पन समुद्र असतो तरी किती खारट? म्या काय बघितलाय का कधी?”

या प्रश्नाला हसावं की काय करावं ते शैलाला कळेना. बाई मात्र हसत नव्हत्या. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात व्यंकटरावांची टाकी होती. तोच गाळ, समुद्राचं तेच पाणी, तोच पंखा, वर तसलंच मलमलीचं कापड. टाकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवलेली: ‘रोज खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर. व्यं.’

“तुझ्या बरन्यांवर अशी चिट्ठी कामून नाय?”

“मी लिहून दिली होती. मला आत यायची बंदी, म्हणून सरांच्या हातात दिली होती. डकवायची राहून गेली असेल.”

बाईंनी टाकीवरचं कापड चिमटीत धरलं. ते मऊ होतं. कडेला नुसती पांढरी रेघ. त्यांनी तेही चाखलं, थुंकून टाकलं, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा बरणीचं चाखलं.

“शैले,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “या खोलीत दोन समुद्र हायेत.”

३

घरी येऊन बाईंनी स्टीलच्या चार ताटल्या गच्चीवर मांडल्या. तीन बरण्यांचं आणि एका टाकीचं पाणी, प्रत्येकी चार चार चमचे. मराठवाड्याच्या उन्हाला दुसरं काम काय! तासाभरात ताटल्या कोरड्या ठाक. टाकीच्या ताटलीत पुसटसा थर. बरण्यांच्या तिन्ही ताटल्यांत मात्र बोटानं गोळा करावं एवढं मीठ.

“आमच्या गंगापूरकडं चल, दाखवते तुला,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “उसाच्या रानाला लोक पानी पाजतात, पाजतात, इतकं पाजतात की सोय नाय. पान्यात कनभर मीठ असतंच. ऊन पानी उडवून नेतं, मीठ मागं ठेवतं. रोज थोडं, रोज थोडं. पाच-सात वर्षांत रान पांढरं फटफटीत. एकतीस वर्षं म्या तसल्या मातीच्या पुड्या तपासल्यात. मालक रडत यायचा, बाई, कुनीतरी माझ्या रानात काहीतरी टाकलं. कुनी काय टाकलं नसायचं. त्यानंच रोज घातलेलं असायचं.”

शैला ताटल्यांकडं बघत राहिली, आणि मग तिनं कपाळावर हात मारला. “खारं पाणी! बरण्यांत रोज साधं पाणी घालायला हवं होतं, कारण उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. त्यावर रोज खारं पाणी घातलं, तर साठ दिवसांत पाच-सहापट मीठ! समुद्रातला जीव झाला तरी तो त्यात कसा जगणार? आणि मी सगळी विषं शोधली. मीठ शोधलंच नाही!”

“कोन शोधील? समुद्राच्या पान्यात मीठ सापडलं म्हनून कुनी बोंब मारतं का? मारनाराला ते चांगलं ठाऊक व्हतं. पन खारं पानी आलं कुठून?”

शैलाचा चेहरा उतरला. “माझंच आहे. जिवाणू वाढवायला मी समुद्रासारखं पाणी बनवते, त्याचं पिंप भांडारात असतं. शेजारी डिस्टिल्ड वॉटरचं पिंप.”

“अन् दोन्ही पिंपांतून झारी भरनारा एकच मानूस.”

बुधवारी सकाळी संस्थेच्या मागल्या दारी, लिंबाच्या झाडाखाली, सांडू भाकरी खात बसला होता. मनकर्णाबाई त्याच्या शेजारी सरळ मातीतच बसल्या.

“सांडूभाऊ, बरन्यांत खाऱ्या पिंपातलं पानी घालायचा ना तुमी?”

त्यानं मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. “व्हय की. समुद्रातले किडे ते, त्यांना खारंच लागनार. बॅटरीचं पानी घातलं असतं तर मेले नसते का बिचारे?” डिस्टिल्ड वॉटरला तिथं सगळे शिपाई बॅटरीचं पाणीच म्हणायचे. “म्या तर झारी नीट ढवळून घ्यायचो, मीठ तळाला राहू नये म्हनून.”

बाईंना गलबलून आलं. साठ दिवस हा माणूस मोठ्या प्रेमानं, ढवळून ढवळून, त्या जिवांना मारत होता. त्यांनी त्याला रान खारावतं ते सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सांडूच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“म्हंजी… म्या मारले?”

“तुमच्या हातानं मेले. खारं घाला म्हनून कुनी सांगितलं?”

सांडूनं भाकरी फडक्यात गुंडाळली. “कुनी नाय. माझ्याच मनानं घातलं. जाऊ द्या, बाई. अठरा वर्सांनी माझी कायम व्हायची फाईल निघालीया. सरांच्या टेबलावर हाय.”

तो उठून गेला. मनकर्णाबाई तिथंच बसून राहिल्या. सांडू खोटं बोलला होता, आणि त्याच्या खोटेपणाचा पुरावा बरण्यांच्याच खोलीत काचेच्या टाकीत भरून ठेवलेला होता.

४

गुरुवारी दुपारी चार वाजता सगळे त्याच खोलीत जमले. बंदराचे साहेब मुंबईहून आलेले, घड्याळाकडं बघत. दत्तोपंत कागदपत्रं मांडून बसलेले. व्यंकटराव गंभीर चेहऱ्यानं उभे. सांडू दाराशी. शैलाच्या पुढ्यात तो सहीचा कागद.

मनकर्णाबाईंनी कनवटीची रुमालाची पुरचुंडी सोडली आणि टेबलावर एक अंडं ठेवलं.

“शिव शिव!” दत्तोपंत खुर्चीसकट मागं सरकले. “अहो बाई, मीटिंगमध्ये अंडं?”

“खायला नाय आनलं, दत्तोपंत. आज सकाळचं ताजं हाय. आमच्याकडं बाजरी पेरायच्या आदी बी मिठाच्या पान्यात टाकतात, पोचट अन् किडकं बी वर येतं. पानी पुरेसं खारं झालं का, ते असं अंडं टाकून बघायचं. कमी खारं असलं तर बुडतं, लई खारं असलं तर तरंगतं. साहेब, तुमीच टाका. आदी टाकीत.”

साहेबांना हे असलं काही अपेक्षित नव्हतं, पण माणूस समुद्राकाठचा होता, कुतूहल वाटलं. त्यांनी टाकीचं कापड बाजूला करून पळीनं अंडं आत सोडलं. ते सरळ तळाला गेलं, गाळावर जाऊन बसलं.

“असंच जायला हवं,” ते म्हणाले. “समुद्राच्या पाण्यात अंडं बुडतंच.”

“आता बरनीत.”

अंडं पुसून पहिल्या बरणीत सोडलं. ते डुबकन् खाली गेलं आणि बुचासारखं वर आलं. दुसऱ्या बरणीत वर आलं. तिसरीतही वर! दत्तोपंत अंड्याचा विटाळ विसरून वाकून बघायला लागले.

“हा समुद्र नाही,” साहेब सावकाश म्हणाले. “हे लोणच्याचं पाणी आहे.”

मग शैला उभी राहिली आणि तिनं सगळं मांडलं. रोज किती पाणी उडतं, किती घातलं, त्यातून किती मीठ साठलं. शेवटी तिनं खिशातून एक लहान बाटली काढली. “मंगळवारी मी तिसऱ्या बरणीतला चिमूटभर गाळ साध्या पाण्यानं मीठ उतरवून ठेवला. आज सकाळी त्यात थोडे जीव हलताना दिसले. फार थोडे. पण आहेत. तुम्ही मेले म्हणालात, साहेब. ते अजून लढतायत.”

व्यंकटराव पुढं आले. त्यांनी मान हलवली, आणि आवाजात दुःख आणलं. “म्हणजे सांडूची चूक! अरेरे. अडाणी माणूस. समुद्राचं म्हणून खारं घालत बसला. मला कल्पना असती तर…”

“थांबा, सर.” मनकर्णाबाई मधे आल्या. “सांडू अडानी, घटकाभर धरू. त्याच्या मनात आलं, समुद्राच्या गाळाला खारं पानी पायजे. मग त्यानं काय केलं असतं? या खोलीत समुद्राचा गाळ चार ठिकानी हाय. तीन बरन्या, एक टाकी. एकाच कॅनमधला गाळ. चारीला खारंच घातलं असतं की! दत्तोपंतांनी सांगितलं असतं, तरी चारीला एकच सांगितलं असतं, त्यांना गाळागाळातला फरक काय कळतोय? मला धरून शंभर जनांना विचारा, कुनी बी चारीला एकच न्याय लावील. पन हितं तीन बरन्यांना खारं, अन् टाकीला गोडं. ही रेघ मधे वढली कुनी? ज्याला ठाऊक व्हतं की खारं घातलं तर नास व्हतो, त्यानं. त्यानंच आपली टाकी वाचवली.”

त्यांनी टाकीवरची चिठ्ठी बोटानं दाखवली. “‘फक्त डिस्टिल्ड वॉटर.’ अक्षर कुनाचं, सर? अन् शैलानं तुमच्या हातात दिलेली तसलीच चिट्ठी कुठंय?”

व्यंकटरावांच्या कपाळावर घाम आला. कूलर त्या खोलीत नव्हता. “चिठ्ठी हरवली असेल. यानं काय सिद्ध होतं? मी सांडूला काही सांगितलं, असं कोण म्हणतं?”

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. सांडू खाली बघत होता.

५

दत्तोपंतांनी टाळी वाजवावी तसे हात जोडले. पाचाला दहा मिनिटं कमी होती आणि त्यांना मिटवण्याचा मार्ग सापडला होता.

“हे बघा, कुणाचंच नुकसान नको. आपण लिहू, शिपायाकडून नजरचुकीनं खारं पाणी पडलं. शैलाबाई निर्दोष. परीक्षा पुन्हा घेऊ. सांडूला कामावरून कमी करू. तो काय, रोजंदारीचा माणूस. सरांचाही मान राहील, संस्थेचीही अब्रू राहील. काय, साहेब?”

साहेबांनी खांदे उडवले. “बाईंना मान्य असेल तर माझी हरकत नाही. नसेल, तर मग आरोप सिद्ध करा. नाहीतर हा सहीचा कागद तसाच राहील.”

इथं बोलण्याचा हक्क मनकर्णाबाईंचा नव्हता. त्यांनी शैलाकडं बघितलं. दोन वर्षं ही पोरगी पहाटे उठून जात होती. तिला हवं ते सगळं तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. नाव धुऊन निघणार, पदवी राहणार, काम राहणार. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. आणि म्हणाली असती, तर बाईंनी तिला दोष दिला असता का? देवाला ठाऊक.

“नाही,” शैला म्हणाली.

“अहो, पण तुम्ही निर्दोष…”

“मी निर्दोष आहेच, दत्तोपंत. त्यासाठी सांडूभाऊंची भाकरी कशाला काढून घेता? ज्या माणसानं सासूच्या मयताच्या दिवशीही माझ्या बरण्यांना पाणी घातलं, त्याच्या डोक्यावर पाय देऊन मला निर्दोष व्हायचं नाही. नजरचूक लिहायची असेल तर मी सही करत नाही. ह्याही कागदावर नाही, आणि त्याही. करा काय चौकशी करायची ती!” तिची मान ताठ होती.

“शैला, मूर्खपणा करू नकोस,” व्यंकटराव म्हणाले. “तुझं भविष्य आहे.”

“ते माझं मी बघेन, सर. तुम्ही तुमची टाकी बघा.”

मनकर्णाबाईंना त्या क्षणी ही पोरगी पोटची असती तर, असं वाटून गेलं. घड्याळात पाचाला तीन मिनिटं होती. दत्तोपंत घाम पुसत होते. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

“म्या सांगतो,” दारातून आवाज आला.

सांडू आत आला. साठ दिवसांत सरांसमोर तो पहिल्यांदाच मान वर करून उभा होता. “बरन्यांना खारं, टाकीला बॅटरीचं, आसं मला सरांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, हितंच, या पंख्याखाली. शैलाबाईंची चिट्ठी त्यांच्या हातात व्हती, म्या बरनीवर लावाया मागितली, तर त्यांनी ती खिशात घातली. बाईंना बोलू नको म्हनले, समितीचा कायदा हाय. अन् सोमवारी मेले कळल्यावर म्हनले, गप ऱ्हा, तुझी फाईल काढतो.”

“सांडू!” व्यंकटराव ओरडले. “शुद्धीवर आहेस का? ती फाईल…”

“फाडा ती फाईल, सर. अठरा वर्सं तिच्याबिगर जेवलो.”

व्यंकटरावांनी साहेबांकडं बघितलं, आणि ते खुर्ची ओढून खाली बसले. त्यांनी नाकारलंही नाही. साहेबांनी शैलाच्या पुढ्यातला कागद उचलला, आडवा फाडला, उभा फाडला, आणि तुकडे खिशात टाकले.

“याच बरण्या, हाच गाळ,” ते शैलाला म्हणाले. “मीठ उतरवा आणि पुन्हा साठ दिवस. पाणी कोण घालणार?”

“सांडूभाऊ,” शैला म्हणाली. “दुसरं कुणी नको.”

मग साहेबांनी दत्तोपंतांना सांडूचा जबाब लिहायला सांगितला. दत्तोपंतांनी नाइलाजानं कोरा कागद ओढला आणि लिहायला लागले. सवय कुठं जाते! ओठ हलवत पुटपुटले, “शिपायाकडून नजरचुकीनं…”

“नजरचुकीनं नाय,” सांडू म्हणाला. “सांगितलं म्हनून. कुनी सांगितलं त्ये बी लिवा. नावासकट.”

दत्तोपंतांनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. शेवटी लेखणी थांबवून त्यांनी विचारलं, “पूर्ण नाव काय तुझं?” हजेरीपटावर अठरा वर्षं नुसतं ‘सांडू’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि पुढचं कुणी विचारलं नव्हतं.

“सांडू कडूबा सोनवणे. राहनार देवगाव रंगारी.”

दत्तोपंतांनी कागद त्याच्यापुढं सरकवला, पेन दिलं. सांडूनं पेन घेतलं, पण सही केली नाही.

“आदी वाचून दावा,” तो म्हणाला. “मोठ्यानं. सरांना ऐकू जाईल आसं.”